छतावरचे मासे

लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंची दाढ नेमकी सोमवारी सकाळी तुटावी आणि ती दाखवायला त्यांनी नेमकं आपल्याच दवाखान्यात यावं, हा योग चांगला म्हणायचा की वाईट, हे दातांच्या डॉक्टरांना काही ठरवता येईना. लग्नाचं अजून पक्कं नव्हतं. लेकीचं आणि त्या मुलाचं एकमेकांशी ठरलं होतं, बाकीच्यांचं एकमेकांशी ठरायचं होतं. मुलाचे वडील सगळ्यालाच हो म्हणत, त्यामुळे त्यांचा होकार कुणी धरत नसे. घोडं अडलं होतं ते आईपाशी. त्या फारसं बोलत नाहीत, नुसतं बघतात, असं लेकीने सांगून ठेवलं होतं. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत, एवढीच काय ती आणखी माहिती. तेवढ्यावरून डॉक्टरांनी मनात त्यांचं चित्रही काढून टाकलं होतं: कानाला यंत्र, हातात दोन वायरी, आणि तोंडात "थांबा, जोडून देते".

साडेदहाला लेकीचा फोन आला. त्या अकराला पोचतील, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, नुसती दाढ काढा हं. ते छतावरचं काही दाखवत बसू नका."

डॉक्टरांना हे लागलं. कारण छतावरचं म्हणजे त्यांच्या सव्वीस वर्षांच्या वैद्यकीतलं सर्वात आवडतं काम होतं. खुर्चीत उताणा पडलेला माणूस अर्धा तास छताकडे बघत असतो आणि तिथे त्याला बघायला काही नसतं म्हणून तो दुखण्याकडे बघतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून त्यांनी खुर्चीच्या बरोबर वर, छताला, एक स्क्रीन बसवून घेतला होता. त्यावर समुद्रातले मासे संथपणे इकडून तिकडे जात. रोग्याचा एक्सरे बघायचा झाला तर तोही तिथेच उमटे. कॉम्प्युटर मात्र औजारांच्या उंच कपाटाच्या माथ्यावर होता, कारण खाली जागा नव्हती.

हा कॉम्प्युटर म्हातारा झाला, दोन मासे पोहायचे तर एक अडकून बसायचा, तेव्हा डॉक्टरांच्या बायकोचा भाऊ मदतीला धावून आला. या मेहुण्याचा स्वभाव मदतीला धावून येण्याचा होता, बोलावलेलं असो वा नसो. त्याने त्या यंत्रावरची जुनी प्रणाली काढून लिनक्स घातलं. त्यात विषाणू शिरत नाहीत, ते म्हाताऱ्या यंत्रालाही तरुण करतं आणि त्यात काय बिघडलं ते आपलं आपल्याला शोधता येतं, असं त्याने सांगितलं. शेवटचा गुण हा गुण आहे की इशारा, हे डॉक्टरांनी तेव्हा विचारलं नाही. यंत्र खरंच तरुण झालं. पंख्याची घरघर नको म्हणून मेहुण्याने अशी व्यवस्था केली की दहा मिनिटं कुणी काही सांगितलं नाही की कॉम्प्युटर आपला झोपी जाईल. आता त्याला उठवायचं तर कपाटावरचं बटण दाबायला हवं, आणि त्यासाठी स्टुलावर चढायला हवं. दवाखान्यातल्या सिस्टर साठीला टेकलेल्या होत्या आणि त्यांचे गुडघे त्याहून जुने होते. तीन दिवस त्या चढल्या. चौथ्या दिवशी त्यांनी स्टूल उचलून खालच्या शिंप्याला देऊन टाकलं आणि वर येऊन हात धुतले.

मग रिमोट आला. मेहुण्याने आगपेटीएवढी एक डबी कॉम्प्युटरला मागून जोडली. रिमोट दाबला की ती डबी ऐकते आणि कॉम्प्युटरला सांगते. जागेपणी सगळं छान चालायचं. मासे चालू, मासे बंद, आवाज कमी, आवाज जास्त. पण एकदा झोपला की रिमोटने कितीही हाका मारा, कुंभकर्णाचा भाऊ. मेहुण्याने दोन संध्याकाळी घालवून कारण शोधलं. "भावोजी, तो झोपताना कान काढून ठेवतो," तो म्हणाला. आपल्याला कुणीकुणी उठवायचं याची यंत्राजवळ एक यादी असते, त्यात बटण सोडून सगळ्यांच्या नावापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. मेहुण्याने डबीपुढे 'हो' केलं. यंत्र उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं तर रात्रीतून सगळं विसरून पुन्हा बहिरं. मग त्याने असं लिहून ठेवलं की रोज चालू झाल्याझाल्या यंत्राने स्वतःच ती यादी दुरुस्त करून घ्यावी, आणि पुन्हा भानगड नको म्हणून एका डबीऐवजी जोडलेल्या सगळ्याच वस्तूंपुढे 'हो' करून टाकलं.

त्याचा परिणाम असा की कपाटावरच्या माउसलाही उठवायची परवानगी मिळाली. ड्रिलला हवा देणारा पंप कपाटाच्या खालच्या खणात होता. पंप सुरू झाला की कपाट थरथरे, कपाट थरथरलं की माउस हले, आणि माउस हलला की छतावर मासे प्रकट होत. दोन दिवसांत रोग्यांना कळून चुकलं की मासे आले म्हणजे ड्रिल येतं. एका धिप्पाड गृहस्थांनी तर पहिला मासा दिसताच खुर्चीतून उतरून चपला शोधायला घेतल्या. शेवटी माउस काढून खणात टाकला. शनिवारी संध्याकाळी मेहुण्याने रिमोटचं लाल बटण अलगद पाच वेळा दाबून दाखवलं. कॉम्प्युटर एकदा उठला, एकदा झोपला, पुन्हा उठला, पुन्हा झोपला, उठला. आता काही बघावं लागणार नाही, असं सांगून मेहुणा गेला.

सोमवारी अकराच्या ठोक्याला बाई आल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस घट्ट बांधलेले. नमस्कार केला आणि खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी आपण, आपलं, आपल्याला अशी सगळी आदरार्थी सर्वनामं वापरून त्यांना आडवं केलं. खालची दाढ उभी चिरली होती, काढणंच भाग होतं. बाईंनी वाटेतच एक्सरे काढून पाठवला होता. डॉक्टरांनी तो छतावर एकदा पाहिला. दाढेची एक मुळी वाकडी होती. ओढण्याच्या आधी ती नेमकी कुठे वळते ते पुन्हा नीट बघायचं त्यांनी ठरवलं. मग इंजेक्शन दिलं, तोंड उघडं राहावं म्हणून दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवला, गालात कापूस भरला. "आता बोलायचा त्रास घ्यायचा नाही," ते म्हणाले. "दुखलं तर फक्त डावा हात वर करा."

गाल बधिर व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात कपाटावरचा कॉम्प्युटर झोपला आणि छत काळं झालं.

डॉक्टर मनातून खूशच झाले. हाच तो क्षण होता. हातमोजे घातलेले, रिमोट स्वच्छतेसाठी पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला. त्यांनी तो वर रोखला आणि लाल बटण दाबलं. सव्वीस वर्षं दाढा उपटणाऱ्या माणसाचं ते दाबणं होतं, पक्कं आणि निश्चयाचं. छतावर उजेड झाला, एका माशाचं तोंड दिसलं, आणि शेपूट यायच्या आत सगळं काळं झालं.

त्यांनी पुन्हा दाबलं, जास्त जोराने. पुन्हा माशाचं तोंड, पुन्हा अंधार.

बाईंनी डावा हात वर केला. त्यांचं बोट रिमोटकडे होतं, पण डॉक्टरांचं लक्ष हाताकडे होतं. दुखतंय तर. तेही होणाऱ्या विहीणबाईंना, आपल्या खुर्चीत. त्यांनी चटकन रिमोट ठेवला, मनापासून माफी मागितली आणि अर्धं इंजेक्शन आणखी दिलं.

बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि बोलायचा प्रयत्न केला. "उअं अअं आआ," त्या म्हणाल्या.

इथे डॉक्टरांच्या एका अभिमानाबद्दल सांगायला हवं. उघड्या तोंडाच्या माणसाचं बोलणं आपल्याला समजतं, अशी त्यांची खात्री होती. व्यंजनं ओठांवर आणि जिभेवर राहतात, ती गेली तरी स्वर उरतात, आणि सवयीच्या कानाला स्वर पुरतात, असं ते सांगत. सिस्टरचं मत वेगळं होतं, पण ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पुन्हा कधी, असं विचारतायत," डॉक्टर सिस्टरना म्हणाले. मग बाईंकडे वाकून त्यांनी सांगितलं की पुन्हा यावं लागणार नाही, टाके आपोआप विरघळतात.

बाईंनी मान जोरात हलवली आणि या वेळी उजवा हात वर केला. उजव्या हाताबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं. डॉक्टर गोंधळले. सिस्टर हळूच म्हणाल्या की एवढ्या इंजेक्शनांनंतर माणसाला डावं-उजवं कसं कळणार. वाकडी मुळी न बघता ओढायची म्हणजे अंधारात विहिरीत उडी, आणि त्यात विहीण. बधिरपणा काही दिवसभर टिकत नाही. त्यांनी सिस्टरना मेहुण्याला फोन लावायला सांगितला.

मेहुण्याचा आवाज खोलीभर घुमला. त्याने सगळं ऐकून घेतलं, लिनक्समध्ये आपण जोडलेल्या सगळ्याच वस्तूंना उठवायची परवानगी देऊन ठेवली आहे असं बजावलं, आणि एका क्षणात निदान केलं. यंत्राला झोप गाढ लागली आहे, अर्धवट जाग येते आणि पुन्हा लागते. तेव्हा भावोजींनी लाल बटण दाबावं आणि दहा आकडे मोजेपर्यंत सोडूच नये.

डॉक्टरांनी तसं केलं. छतावर मासा आला, गेला, आला, गेला. दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखी खोली उजळत आणि विझत राहिली. बाईंनी दोन्ही हात वर केले. "उअं! अअं!" असं काहीतरी त्या इतक्या कळवळून म्हणाल्या की डॉक्टरांचे डोळे पाणावले. त्यांनी उरलेलं अर्धं इंजेक्शनही दिलं. त्यानंतर बाईंच्या तोंडून स्वरही येईनासे झाले. नुसती हवा येऊ लागली.

एव्हाना सिस्टरच्या संयमाचा अंत झाला होता. त्या बाहेरच्या खोलीतून पडद्याचा लांब दांडा काढून घेऊन आल्या आणि त्याच्या टोकाने कपाटावरचं बटण चाचपू लागल्या. कल्पना चांगलीच होती. फक्त त्यांनी बटण दाबलं त्याच क्षणी डॉक्टरांनी रिमोट दाबला. रिमोटने उठवलं, दांड्याने झोपवलं. मग दांड्याने उठवलं, रिमोटने झोपवलं. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं जशी एकाच बाजूला सरत राहतात, तसं ते दोघं पुढची दोन मिनिटं एकमेकांना वाट देत राहिले. सिस्टर म्हणत, तुम्ही थांबा. डॉक्टर थांबत, सिस्टरही थांबत. मग दोघंही एकदम दाबत. फोनमधून मेहुणा विचारत होता की आता काय दिसतंय, आणि दर वेळी उत्तर द्यायच्या आत ते दिसेनासं होत होतं.

या धांदलीत रिमोट डबीच्या आणखी जवळ नेण्यासाठी डॉक्टरांनी टाचा उंचावल्या, तोल सावरायला एक पाय मागे टाकला, आणि तो नेमका खुर्ची वर-खाली करायच्या पायटीवर पडला. खुर्ची आवाज न करता वर जाऊ लागली. बाई उताण्या, तोंड उघडं, हात छातीवर घेतलेले, अशा सावकाश वर निघाल्या. डॉक्टरांचं लक्ष कपाटाकडे. सिस्टरनी पाहिलं, पण त्यांच्या दोन्ही हातांत दांडा होता. बाई डॉक्टरांच्या खांद्याच्या पातळीला आल्या तेव्हा त्यांनी हात लांबवला आणि डॉक्टरांच्या मुठीतून रिमोट काढून घेतला. पिकलेलं फळ खुडावं इतक्या शांतपणे.

त्यांनी लाल बटणाला हातही लावला नाही. पिशवीतूनच त्यांनी सातचा आकडा शोधला आणि त्यावर बोट टेकवलं, न टेकवल्यासारखं.

छतावर मासे आले. सगळे आले, शेपटांसकट, आणि गेले नाहीत. सिस्टरनी दांडा खाली घेतला. डॉक्टर तसेच टाचा उंचावून उभे. बाईंनी बाणाची बटणं दोन-चारदा दाबून मासे बाजूला केले, आपला एक्सरे शोधला, मोठा केला, वाकडी मुळी बरोबर मधोमध आणली आणि रिमोट परत दिला. मग आता चालू द्या, अशा अर्थाने बोटाने तोंडाकडे खूण केली.

दाढ साडेतीन मिनिटांत निघाली. डॉक्टरांचा हात खरोखरच हलका होता, आणि त्या साडेतीन मिनिटांत तो जराही थरथरला नाही. टाके घातले, ठोकळा काढला, खुर्ची खाली आणली. बाई उठून बसल्या आणि त्यांनी लिहायची खूण केली. सिस्टरनी औषधं लिहायचा कागद पुढे केला.

बाईंनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. लाल बटण एकच, तेच उठवतं आणि तेच झोपवतं. ते दाबून धरलं की रिमोट पुन्हा पुन्हा तेच सांगत राहतो. पहिल्या हाकेला यंत्र उठतं, दुसऱ्या हाकेला झोपतं. तुमचा दाब दाढेचा आहे, बटणाचा नाही. दुसरं कुठलंही बटण नुसतं उठवतं, झोपवत नाही. 'दुसरं बटण दाबा' हे मी मघापासून सांगत होते.

डॉक्टरांनी हे वाचलं आणि त्यांचे कान गरम झाले. खाली आणखी एक ओळ होती, ती फोनवरच्या माणसासाठी होती. जोडलेल्या सगळ्या वस्तूंना उठवायची परवानगी सरसकट का दिली, असं त्यात विचारलं होतं, आणि पुढे ती यादी यंत्रात कुठे सापडते ते सांगणारे, तिरक्या रेघांनी जोडलेले काही इंग्रजी शब्द होते. ते डॉक्टरांना नीट वाचताही येईनात, म्हणून त्यांनी एकेक अक्षर सुटं करून मेहुण्याला ऐकवलं.

मेहुण्याने ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. या माणसाच्या बाबतीत असं आजवर झालं नव्हतं.

"भावोजी," मेहुणा शेवटी म्हणाला, "खुर्चीत कोण आहे?"

बाईंनी कागद परत घेऊन लिहिलं की टेलिफोनच्या कचेरीत त्या मुख्य यंत्रांच्या खोलीच्या प्रमुख होत्या, शेवटची अठरा वर्षं. चारशे यंत्रं होती, सगळी लिनक्सवर. एकालाही झोपायची परवानगी नव्हती. एवढं लिहून त्यांनी नमस्कार केला, गालावर रुमाल धरला आणि चालत्या झाल्या.

त्या दिवशी डॉक्टरांना जेवण गेलं नाही. बाईंचा चेहरा जाताना कसा होता हे त्यांनी सिस्टरना तीनदा विचारलं. सिस्टरनी तिन्ही वेळा सांगितलं की अर्धा चेहरा बधिर असलेल्या माणसाचा दिसतो तसा दिसत होता, त्यावरून काही काढू नका. डॉक्टरांनी बायकोला फोन करून सांगितलं की आपण पोरीच्या लग्नाचं वाटोळं केलं. बायकोने आपला भाऊ त्यात होता का, एवढंच विचारलं, आणि होता हे कळल्यावर फोन ठेवून दिला.

सहाला लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि मगच उचलला.

"बाबा, तुम्ही त्यांना काय केलंत?" लेकीने विचारलं.

डॉक्टर सांगायला लागले की इंजेक्शनं जरा जास्त झाली, पण धोका नाही. लेकीने त्यांना थांबवलं. त्या घरी आल्या, म्हणाली, बोलता येत नव्हतं, तर पाटीच घेऊन बसल्या आणि लिहीतच सुटल्या. मुलगा म्हणत होता, आईला इतकं खुशीत निवृत्तीनंतर कधी पाहिलं नव्हतं. घरात कुणी त्यांना काही विचारत नाही. मुलगा आपला फोन बिघडला तरी दुकानात नेतो, त्यांच्या यजमानांना तर टीव्ही चालू झाला तरी पुरतं. आज किती वर्षांनी एखादं बिघडलेलं यंत्र समोर आलं, आणि तेही असं की सगळे हात टेकून बसलेले.

"आणि लग्नाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याचं एकच वाक्य लिहिलं. बाप घाबरट आहे, पण हात चांगला आहे, करून टाका." लेक हसत होती. मग म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी चौदा चुका आहेत म्हणे. उद्या चारला येतायत. मामाला बोलवू नका असंही लिहिलंय."

मंगळवारी चारला दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ सुजलेला गाल धरून बसले होते. त्यांची वेळ पावणेचारची होती. आतून ड्रिलचा आवाज येत नव्हता, कुणाचं कण्हणं येत नव्हतं, नुसती टकटक येत होती आणि मधूनच एका बाईंचा ठाम आवाज: थोडं वर घ्या, अजून थोडं, बस. आत खुर्ची पुरती मागे झुकलेली होती. होणाऱ्या विहीणबाई तिच्यात ऐसपैस आडव्या पडल्या होत्या, की-बोर्ड पोटावर, नजर छतावर, आणि तिथे माशांऐवजी अक्षरांच्या रांगा धावत होत्या. असं बसून काम करायला मिळालं असतं तर आपण निवृत्तच झालो नसतो, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. डॉक्टर उशाशी उभे राहून पायटी दाबत होते आणि सांगितलेलं कागदावर उतरवून घेत होते.

साडेचार झाले तेव्हा बाकावरच्या गृहस्थांनी गाल न सोडता सिस्टरना विचारलं, की डॉक्टर अजून कामात आहेत का.

"डॉक्टर मोकळेच आहेत हो," सिस्टर म्हणाल्या. "खुर्ची मोकळी नाही."